महाविद्यालयीन खेळाडूंचे शैक्षणिक व अभ्यासेतर जीवन (अमेरिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या अधिकृत संघातून खेळत असतानाच पदवीचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यास 'विद्यार्थी-खेळाडू' म्हटले जाते. अशा विद्यार्थ्यांचा अभ्यास, त्यांची विषयनिवड, पदवीपर्यंतची वाटचाल आणि खेळाव्यतिरिक्तच्या उपक्रमांतील त्यांचा सहभाग हा तेथील उच्च शिक्षणातील जुना व वादग्रस्त विषय आहे. नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन (संक्षेपाने एनसीएए) या संघटनेच्या सुमारे १,१०० सदस्य संस्थांमध्ये पाच लाखांहून अधिक खेळाडू आहेत. त्यांपैकी दोन टक्क्यांहूनही कमी खेळाडू पुढे व्यावसायिक खेळात जातात. उरलेल्यांच्या हाती चार-पाच वर्षांनंतर राहते ती पदवी, आणि त्या पदवीसोबत आलेले किंवा न आलेले अनुभव.

जगातील बहुतेक देशांत उच्च दर्जाचा स्पर्धात्मक खेळ क्रीडा मंडळे, क्लब किंवा सरकारी प्रशिक्षण केंद्रे यांच्या आधारे चालतो. अमेरिकेत मात्र फुटबॉल (अमेरिकन), बास्केटबॉल, जलतरण, मैदानी खेळ अशा अनेक प्रकारांत महाविद्यालय हीच मुख्य पायरी आहे. त्यामुळे वर्ग आणि मैदान यांतील ओढाताण तेथे अपवादात्मक नसून व्यवस्थेचाच भाग आहे.

इतिहास

अमेरिकेतील पहिली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा म्हणून हार्वर्ड आणि येल यांच्यात १८५२ साली न्यू हॅम्पशायरमधील विनिपसाकी सरोवरावर झालेल्या नौकाशर्यतीचा उल्लेख केला जातो. तिचा खर्च एका रेल्वे कंपनीने उचलला होता, कारण तिला त्या भागात पर्यटक हवे होते. महाविद्यालयीन खेळाचे व्यापारीकरण अलीकडचे आहे असे मानणाऱ्यांनी हा तपशील लक्षात घेण्याजोगा आहे. रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यातील पहिला फुटबॉल सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी झाला. या काळात संघ चालवणे, वर्गणी गोळा करणे, सामने ठरवणे ही कामे विद्यार्थीच करीत. खेळ हा तेव्हा वादसभा किंवा नाट्यमंडळ यांच्यासारखाच एक विद्यार्थी-उपक्रम होता. पगारी प्रशिक्षक आणि प्रेक्षकांचे उत्पन्न आल्यावर तो विद्यार्थ्यांच्या हातून निसटला.

फुटबॉलमधील गंभीर दुखापती व मृत्यू वाढल्यामुळे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०५ साली प्रमुख विद्यापीठांच्या प्रतिनिधींची बैठक बोलावली. त्यानंतर १९०६ साली जी संघटना स्थापन झाली, तिनेच १९१० साली एनसीएए हे नाव धारण केले. कार्नेगी प्रतिष्ठानाने १९२९ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात शंभराहून अधिक संस्थांची पाहणी करून खेळाडूंची भरती आणि त्यांना दिली जाणारी छुपी आर्थिक मदत यांवर कठोर टीका केली. मदत थांबली नाही. १९५६ साली तिला उघड मान्यता मिळून क्रीडा शिष्यवृत्ती नियमांत आली.

'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द याच दशकातला आहे आणि त्याचा उगम शिक्षणापेक्षा कायद्यात अधिक आहे. कोलोराडोमधील फोर्ट लुईस महाविद्यालयाचा रे डेनिसन हा खेळाडू १९५५ साली सामन्यातील डोक्याच्या दुखापतीने मरण पावला. त्याच्या विधवेने कामगार म्हणून नुकसानभरपाई मागितली. कोलोराडोच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली ती नाकारली. खेळाडूंना 'कामगार' ठरवले जाण्याचा धोका ओळखून हा शब्द मुद्दाम रूढ करण्यात आला, असे एनसीएएचे दीर्घकाळचे कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यांनीच १९९५ साली प्रकाशित झालेल्या आपल्या पुस्तकात नमूद केले आहे. पुढील सर्व शैक्षणिक नियमांचे मूळ या शब्दात आहे. खेळाडू प्रथम विद्यार्थी आहे असे म्हटले की तो विद्यार्थी असल्याचे दाखवणेही आले.

१९७२ साली संमत झालेल्या 'टायटल नाइन' या तरतुदीमुळे शिक्षणसंस्थांत लिंगाधारित भेदभावास बंदी आली व महिलांच्या संघांची संख्या झपाट्याने वाढली. १९७३ साली एनसीएएने सदस्य संस्थांची तीन श्रेणींत विभागणी केली. पहिल्या श्रेणीत मोठी विद्यापीठे व पूर्ण क्रीडा शिष्यवृत्त्या आहेत. दुसऱ्या श्रेणीत बहुधा अंशतः शिष्यवृत्त्या दिल्या जातात. तिसऱ्या श्रेणीत क्रीडा शिष्यवृत्ती अजिबात नसते. आयव्ही लीगमधील आठ विद्यापीठे पहिल्या श्रेणीत खेळत असूनही क्रीडा शिष्यवृत्ती देत नाहीत. 'महाविद्यालयीन खेळाडू' या एकाच शब्दाखाली इतकी भिन्न आयुष्ये येतात की त्याविषयीची सरसकट विधाने बहुधा फसतात.

शैक्षणिक पात्रतेचे नियम

खेळण्यासाठी विद्यार्थ्याला दोन पातळ्यांवर पात्र ठरावे लागते: प्रवेशाच्या वेळी, आणि नंतर दर सत्रात.

प्रवेशाच्या वेळचा निकष अनेकदा बदलला. १९८३ साली मंजूर होऊन १९८६ पासून लागू झालेल्या 'प्रस्ताव ४८' नुसार माध्यमिक शाळेतील ११ मूलभूत विषयांत चारपैकी २.० गुणसरासरी आणि सॅट या प्रवेशपरीक्षेत किमान ७०० गुण आवश्यक होते. प्रमाणित चाचणीची अट गरीब व कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांवर अधिक भार टाकते, अशी टीका त्यावर प्रथमपासून होत राहिली. पुढे मूलभूत विषयांची संख्या १६ झाली, पहिल्या श्रेणीसाठी आवश्यक सरासरी २.३ झाली आणि २०२३ साली चाचणीची अट रद्द झाली.

प्रवेशानंतरचा नियम अधिक परिणामकारक ठरला आहे. २००३ साली स्वीकारलेल्या पद्धतीनुसार पहिल्या श्रेणीतील खेळाडूने दुसऱ्या वर्षाअखेर आपल्या पदवीच्या आवश्यकतांपैकी ४० टक्के, तिसऱ्या वर्षाअखेर ६० टक्के आणि चौथ्या वर्षाअखेर ८० टक्के भाग पूर्ण करावा लागतो. केवळ श्रेयांक मिळवून भागत नाही. ते निवडलेल्या पदवीकडे नेणारे असावे लागतात. उद्देश उघड होता. पूर्वी काही खेळाडू चार वर्षे खेळत, सुटे सुटे सोपे विषय उत्तीर्ण होत आणि शेवटी कोणत्याच पदवीच्या जवळ नसत. नव्या नियमाने ही वाट बंद केली, पण दुसरी अडचण निर्माण केली. दुसऱ्या वर्षानंतर ज्याला मुख्य विषय बदलावासा वाटतो, त्याचे आधीचे श्रेयांक नव्या पदवीत मोजले गेले नाहीत तर तो खेळण्यास अपात्र ठरू शकतो. इतर विद्यार्थी दोन-तीनदा विषय बदलतात आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. खेळाडूला मात्र विसाव्या वर्षी झालेल्या मतबदलाची किंमत एका हंगामाने मोजावी लागते.

संघालाही शैक्षणिक मोजपट्टी लावली जाते. प्रत्येक शिष्यवृत्तीधारक खेळाडूमागे दर सत्राला दोन गुण असतात, एक पात्र राहिल्याबद्दल आणि एक संस्थेत टिकून राहिल्याबद्दल. त्यांवरून १,००० पैकी 'शैक्षणिक प्रगती दर' काढला जातो. चार वर्षांचा दर ९३० च्या खाली गेल्यास हंगामोत्तर स्पर्धेस मुकावे लागू शकते. कनेटिकट विद्यापीठाचा पुरुष बास्केटबॉल संघ २०११ साली राष्ट्रीय विजेता होता. याच कारणाने तो २०१३ च्या स्पर्धेबाहेर राहिला आणि २०१४ साली पुन्हा विजेता ठरला.

वेळेचे गणित

खेळाडूच्या शिक्षणाविषयीचा बहुतेक वाद अखेर तासांवर येऊन ठेपतो. १९९१ पासून लागू असलेल्या नियमानुसार हंगामात दिवसाला चार आणि आठवड्याला २० तासांहून अधिक काळ सक्तीच्या क्रीडाविषयक कामात घालवता येत नाही, आणि आठवड्यातून एक दिवस सुटी द्यावी लागते. हंगामाबाहेर ही मर्यादा आठ तासांची आहे.

प्रत्यक्षातील चित्र वेगळे असण्याचे कारण मोजण्याच्या पद्धतीत आहे. सामन्याचा दिवस कितीही लांबला तरी तो तीन तासांचा धरला जातो. प्रवास मोजला जात नाही. दुखापतीवरील उपचार, सरावापूर्वी पट्ट्या बांधून घेणे, काही बैठका आणि 'ऐच्छिक' म्हटला जाणारा सराव हेही बाहेर राहतात. ऐच्छिक सरावाला न येणाऱ्याचे संघातील स्थान टिकेल का, हा प्रश्न नियमपुस्तकात नसतो, पण प्रत्येक खेळाडूच्या मनात असतो. एनसीएएने स्वतः केलेल्या सर्वेक्षणांतही पहिल्या श्रेणीतील खेळाडूंनी हंगामात आठवड्याला ३० तासांहून अधिक वेळ खेळाला दिल्याचे सांगितले आहे, आणि मोठ्या विद्यापीठांच्या फुटबॉल संघांत हा आकडा ४० च्या पुढे जातो. पूर्ण वेळ अभ्यासक्रम त्याखेरीज असतो.

२०१४ साली शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील फुटबॉलपटूंनी कामगार संघटना स्थापन करण्याची परवानगी मागितली, तेव्हा या तासांची प्रथमच न्यायिक स्वरूपाची छाननी झाली. राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाच्या प्रादेशिक संचालकांनी आपल्या निर्णयात नोंदवले की खेळाडू हंगामात आठवड्याला ४० ते ५० तास आणि ऑगस्टमधील शिबिरात ५० ते ६० तास खेळासाठी देतात. म्हणून शिष्यवृत्तीधारक खेळाडू हे कर्मचारी ठरतात. २०१५ साली पूर्ण मंडळाने या प्रकरणी अधिकारक्षेत्र वापरण्यास नकार दिल्याने तो निर्णय अमलात आला नाही. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. नॉर्थवेस्टर्न ही शैक्षणिकदृष्ट्या ढिसाळ संस्था नव्हती. तिच्या फुटबॉल संघाचे पदवी मिळवण्याचे प्रमाण देशातील सर्वोच्च संघांत मोडत होते. खेळाडूंची तक्रार पदवी मिळत नाही अशी नव्हती, हवे ते शिकता येत नाही अशी होती.

अलीकडच्या काळात तासांइतकाच अंतराचा प्रश्न पुढे आला आहे. दूरचित्रवाणी हक्कांच्या करारांमुळे प्रादेशिक परिषदांची फेररचना झाली. २०२४ साली लॉस एंजेलिसमधील दोन मोठी विद्यापीठे 'बिग टेन' परिषदेत गेली. याच परिषदेत न्यू जर्सीतील रटगर्सही आहे. स्टॅनफर्ड आणि बर्कली ही कॅलिफोर्नियातील विद्यापीठे 'अटलांटिक कोस्ट' परिषदेची सदस्य झाली. फुटबॉल संघ आठवड्यातून एकदा, बहुधा शनिवारी खेळतो, म्हणून त्याला हा प्रवास झेपतो. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल किंवा टेनिसचा संघ आठवड्याच्या मध्यातही खेळतो. ज्या करारांतून या खेळांना फारसे उत्पन्न मिळत नाही, त्याच करारांमुळे त्यांचे वर्ग सर्वाधिक बुडतात.

विषयनिवड

विज्ञान शाखांतील प्रयोगशाळेचे तास सामान्यतः दुपारी असतात. सरावही दुपारीच असतो. या साध्या वेळापत्रकीय अडचणीमुळे वैद्यकीय शिक्षणाची पूर्वतयारी, अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र, शुश्रूषा यांसारख्या शाखा अनेक खेळाडूंच्या आवाक्याबाहेर जातात. नॉर्थवेस्टर्न प्रकरणातील प्रमुख साक्षीदार, क्वार्टरबॅक केन कोल्टर, याने आपल्याला वैद्यकीय पूर्वतयारीचा मार्ग सोडून मानसशास्त्राकडे वळावे लागल्याचे सांगितले. त्याआधी १९९१ साली ओहायो स्टेट विद्यापीठाचा धावपटू-फुटबॉलपटू रॉबर्ट स्मिथ याने वर्गापेक्षा सरावाला महत्त्व देण्याचा दबाव असल्याचा आरोप करून एका हंगामासाठी संघ सोडला होता. पुढील वर्षी तो परतला व नंतर व्यावसायिक खेळाडू झाला.

एकाच संघातील अनेक खेळाडू एकाच विषयात एकवटलेले दिसणे याला संशोधक 'शैक्षणिक गुच्छीकरण' म्हणतात. १९८७ सालच्या एका अभ्यासापासून संघातील २५ टक्के किंवा अधिक खेळाडू एकाच मुख्य विषयात असणे ही त्याची रूढ व्याख्या झाली. गुच्छीकरण म्हणजे गैरप्रकारच, असे मानणे योग्य नाही. समान आवड, ज्येष्ठ सहकाऱ्यांचा सल्ला, सकाळी संपणारे वर्ग अशी साधी कारणेही असतात. क्रीडाशास्त्र शिकणारा धावपटू संशयास्पद ठरत नाही. परंतु विषयाची निवड विद्यार्थ्याच्या आवडीने न होता पात्रता टिकवण्याच्या हिशेबाने, आणि तीही सल्लागाराच्या खोलीत होत असेल, तर शिष्यवृत्तीच्या बदल्यात दिलेले शिक्षण नेमके कोणते, हा प्रश्न उरतो.

पॅट्रिशिया आणि पीटर ॲडलर या समाजशास्त्रज्ञांनी एका महाविद्यालयीन बास्केटबॉल संघासोबत अनेक वर्षे राहून केलेले निरीक्षण १९९१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्यांच्या मते नवे खेळाडू अभ्यासाविषयी आशावादी, बरेचदा उत्साही असतात. पहिल्या वर्षा-दोन वर्षांत ही आशा झिजत जाते. सराव, प्रवास व थकवा हे एक कारण. दुसरे असे की अभ्यासातील यशाची दखल घेणारे त्यांच्या भोवती कोणी उरत नाही. प्रशिक्षक, चाहते, वृत्तपत्रे, सहकारी सगळे खेळाविषयीच बोलतात. हळूहळू खेळाडू ही भूमिका विद्यार्थी, मित्र, नागरिक या इतर सर्व भूमिकांना गिळून टाकते. हे निरीक्षण एका मोठ्या संघाचे आहे. छोट्या महाविद्यालयातील भालाफेकपटूला ते जसेच्या तसे लागू पडत नाही.

अभ्यासेतर उपक्रमांतील सहभाग

ॲलेक्झांडर ॲस्टिन यांनी १९८४ साली मांडलेल्या 'विद्यार्थी-सहभाग' सिद्धान्तानुसार विद्यार्थी आपली शारीरिक व मानसिक ऊर्जा महाविद्यालयीन जीवनात जितकी गुंतवतो, तितका त्याचा विकास होतो. या दृष्टीने खेळ हाच एक अत्यंत सघन अभ्यासेतर उपक्रम आहे: शिस्त, सहकार्य, पराभव पचवणे, मोठ्या गटात आपले स्थान ओळखणे. अडचण अशी की ऊर्जा मर्यादित असते. खेळात ती पूर्ण गुंतली की वादसभा, विद्यार्थी शासन, नाटक, वृत्तपत्र, संशोधन प्रकल्प, इंटर्नशिप यांसाठी फार थोडी उरते. विशेषतः परदेशातील एक सत्र आणि उन्हाळी इंटर्नशिप या दोन गोष्टी पहिल्या श्रेणीतील खेळाडूंना क्वचितच साधतात, कारण उन्हाळाही सरावात जातो. नोकरीच्या मुलाखतीत मात्र याच अनुभवांविषयी विचारले जाते.

जेम्स शुलमन आणि विल्यम बोवेन यांच्या २००१ सालच्या ग्रंथातील एक निष्कर्ष या संदर्भात महत्त्वाचा आहे. त्यांनी निवडक प्रवेश देणाऱ्या महाविद्यालयांची आकडेवारी तपासली. भरती करून घेतलेल्या खेळाडूंचे गुण त्यांच्या प्रवेशावेळच्या पात्रतेवरून अपेक्षित असलेल्या गुणांपेक्षा कमी पडत होते. केवळ वेळेची कमतरता हे त्याचे कारण असते, तर संगीत, विद्यार्थी वृत्तपत्र अशा वेळखाऊ उपक्रमांत गुंतलेल्यांचेही तसेच झाले असते. पण ते विद्यार्थी अपेक्षेपेक्षा सरस ठरले. लेखकांनी दोष तासांपेक्षा खेळाडूंच्या वेगळ्या पडलेल्या समूहजीवनाला अधिक दिला. या निष्कर्षावर बरीच चर्चा झाली आहे, तरी त्याने प्रश्नाची दिशा बदलली हे निश्चित.

फुटबॉल सामन्यात मध्यंतराला वाजवणाऱ्या वाद्यवृंदाचे उदाहरण येथे बोलके आहे. त्यातील विद्यार्थीही रोज सराव करतात, संघाबरोबर प्रवास करतात, त्याच उन्हात किंवा हिमवर्षावात उभे राहतात. त्यांच्यासाठी राष्ट्रीय पातळीवरची गुणसरासरीची अट नाही, ४०-६०-८० टक्क्यांचा नियम नाही, स्वतंत्र अभ्यासिकाही नाही. ते निरनिराळ्या विद्याशाखांत विखुरलेले असतात आणि सराव संपला की त्या त्या वसतिगृहात परत जातात.

खेळाडूंच्या वेगळेपणाला वास्तूंचाही हातभार लागला. अनेक विद्यापीठांनी केवळ खेळाडूंसाठी आलिशान वसतिगृहे बांधली होती. १९९१ साली एनसीएएने ती संपवण्याचा निर्णय घेतला व १९९६ पासून निम्मे वा त्याहून अधिक रहिवासी खेळाडू असतील अशा वसतिगृहांवर बंदी आली. त्यानंतर अभ्यासिकांची पाळी आली. ओरेगन विद्यापीठात २०१० साली सुरू झालेल्या खेळाडूंच्या भव्य शैक्षणिक केंद्राचा तळमजला सर्वांसाठी खुला, तर वरचे मजले खेळाडूंसाठी राखीव होते. स्थानिक प्राध्यापक व विद्यार्थ्यांनी त्यावर नापसंती व्यक्त केली. शिकवणी, संगणक, सल्लागार सर्व एका छताखाली मिळाल्याने खेळाडूचा वेळ वाचतो, हे खरे. ग्रंथालयात शेजारच्या बाकावरच्या अनोळखी विद्यार्थ्याशी होणारी ओळखही त्याच छताखाली हुकते.

खेळाडूंना संघाबाहेरचे व्यासपीठ देणारी मुख्य रचना म्हणजे 'विद्यार्थी-खेळाडू सल्लागार समिती'. १९८९ साली राष्ट्रीय पातळीवर स्थापन झालेली ही समिती आता प्रत्येक महाविद्यालयात व परिषदेत असते. नियमबदलांवर मत देणे, मानसिक आरोग्याविषयी जागृती करणे, निधी जमवणे ही तिची कामे. समाजसेवा हा खेळाडूंचा सर्वांत सोयीचा अभ्यासेतर उपक्रम ठरला आहे, कारण ती संघाने एकत्र, मोकळ्या दिवशी करता येते: शाळांत वाचन घेणे, रुग्णालयातील मुलांना भेटणे, अन्नपेढीत काम करणे. तिसऱ्या श्रेणीची स्पेशल ऑलिंपिक्सशी, तर दुसऱ्या श्रेणीची आजारी मुलांच्या इच्छा पूर्ण करणाऱ्या 'मेक-अ-विश' या संस्थेशी भागीदारी आहे. अशा सेवेतील किती भाग स्वेच्छेचा आणि किती वेळापत्रकाचा, याबाबत संघागणिक फरक पडतो.

तिसऱ्या श्रेणीत चित्र बरेच निराळे आहे. हंगाम तुलनेने लहान असतो आणि शिष्यवृत्ती खेळावर अवलंबून नसल्याने खेळ सोडला तरी शिक्षण थांबत नाही. एकच विद्यार्थिनी शरद ऋतूत हॉकी, वसंतात लॅक्रॉस खेळते आणि मधल्या काळात गायनवृंदातही असते, अशी उदाहरणे तेथे दुर्मीळ नाहीत. तरीही शुलमन व बोवेन यांनी दाखवल्याप्रमाणे भरतीची स्पर्धा या महाविद्यालयांतही पोहोचली आहे.

शैक्षणिक गैरप्रकार

पात्रतेचे नियम कडक झाले, तशा त्यांतून निघणाऱ्या पळवाटाही वाढल्या. जॉर्जिया विद्यापीठातील इंग्रजीच्या अध्यापिका जान केम्प यांनी अनुत्तीर्ण फुटबॉलपटूंना उपचारात्मक वर्गातून पुढे ढकलण्यास विरोध केला व त्यांना नोकरी गमवावी लागली. १९८६ साली ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल दिला. व्यावसायिक फुटबॉलपटू डेक्स्टर मॅनली यांनी १९८९ साली सिनेटच्या समितीसमोर सांगितले की ते महाविद्यालयात चार वर्षे काढूनही वाचायला शिकले नव्हते.

सर्वांत मोठे प्रकरण चॅपल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या स्वतंत्र चौकशी अहवालानुसार १९९३ ते २०११ या काळात तेथे कधीही न भरणारे, एका निबंधावर भरघोस गुण देणारे 'कागदी वर्ग' चालवले गेले. त्यांचा लाभ ३,१०० हून अधिक विद्यार्थ्यांनी घेतला आणि त्यांत खेळाडूंचे प्रमाण जवळजवळ निम्मे होते. २०१७ साली एनसीएएने विद्यापीठास यासाठी शिक्षा केली नाही: हे वर्ग खेळाडूंखेरीज इतरांनाही खुले होते, म्हणून तो खास क्रीडालाभ ठरत नाही, असे कारण दिले गेले. शिक्षणाचा दर्जा ठरवणे हे विद्यापीठाचे काम, खेळाची पात्रता ठरवणे हे संघटनेचे. या दोन अधिकारांच्या मधल्या फटीत अठरा वर्षे निघून गेली.

पदवीचे प्रमाण

खेळाडूंचे पदवी मिळवण्याचे प्रमाण दोन पद्धतींनी काढले जाते. संघराज्य शासनाच्या पद्धतीत सहा वर्षांत त्याच संस्थेतून पदवी घेणारे मोजतात. संस्था बदलून गेलेला विद्यार्थी अपयशी धरला जातो. एनसीएएच्या पद्धतीत समाधानकारक गुणांसह बाहेर पडलेला विद्यार्थी मोजणीतून वगळतात आणि बाहेरून आलेला धरतात. साहजिकच दुसरा आकडा नेहमी मोठा असतो. पहिल्या श्रेणीसाठी तो अलीकडे ९० टक्क्यांच्या आसपास आहे. पुरुषांच्या बास्केटबॉल व फुटबॉलमध्ये तो कमी असतो आणि कृष्णवर्णीय व श्वेतवर्णीय खेळाडूंतील अंतर घटत असले तरी शिल्लक आहे. कोणता आकडा उद्धृत केला आहे, यावरून बहुधा लेखकाची बाजू ओळखता येते.

खेळ संपल्यानंतरचे जीवन या आकड्यांत येत नाही. ब्रिटन ब्रूअर, जुडी व्हॅन रालटे आणि डार्विन लिंडर यांनी १९९३ साली 'क्रीडा-ओळख' मोजण्याची पट्टी तयार केली. स्वतःकडे केवळ खेळाडू म्हणून पाहणाऱ्यास दुखापत वा निवृत्ती अधिक जड जाते, असे त्यावर आधारित संशोधनातून दिसले आहे. दोन्ही बाजू सांभाळणारेही झाले. बिल ब्रॅडली प्रिन्स्टनमध्ये शिकले, १९६४ च्या ऑलिंपिक सुवर्णविजेत्या बास्केटबॉल संघात होते, ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले व पुढे सिनेटर झाले. फ्लोरिडा स्टेटचा फुटबॉलपटू मायरन रोल याची ऱ्होड्स शिष्यवृत्तीची मुलाखत २००८ साली सामन्याच्याच दिवशी होती; मुलाखत आटोपून तो विमानाने आला आणि सुरू झालेल्या सामन्यात उतरला. पुढे तो मेंदूशल्यचिकित्सक झाला. अशी नावे प्रसिद्ध आहेत ती त्यांच्या विरळपणामुळे.

२०२१ नंतरचे बदल

२१ जून २०२१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात एकमताने निर्णय दिला की शिक्षणाशी निगडित लाभांवर एनसीएए मर्यादा घालू शकत नाही. त्यामुळे विद्यापीठांना अभ्यासातील कामगिरीसाठी खेळाडूस वर्षाला ५,९८० डॉलरपर्यंत बक्षीस देता येऊ लागले. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःचे नाव व छबी वापरू देऊन पैसे कमावण्याची मुभा मिळाली. २०२५ साली मंजूर झालेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे आपल्या उत्पन्नातील वाटा, पहिल्या वर्षी कमाल २.०५ कोटी डॉलर, खेळाडूंना थेट देऊ शकतात.

अभ्यासाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा बदल विद्यापीठ बदलण्याविषयीचा आहे. २०२४ पासून शैक्षणिकदृष्ट्या पात्र खेळाडूस कितीही वेळा संस्था बदलून लगेच खेळता येते. प्रत्येक बदलात काही श्रेयांक नव्या संस्थेत अमान्य होण्याची शक्यता असते. तिसऱ्या विद्यापीठात पोहोचलेल्या खेळाडूकडे श्रेयांक पुष्कळ पण पदवी दूर, अशी स्थिती येऊ शकते, आणि २००३ च्या नियमांनी जी वाट बंद केली होती ती दुसऱ्या बाजूने उघडते. नवे विद्यापीठ, नवे सहकारी, नवा प्रशिक्षक यांत अभ्यासेतर उपक्रमांत रुजायला वेळच मिळत नाही.

भारतीय विद्यार्थी-खेळाडू

अमेरिकी महाविद्यालयांतून खेळलेल्या भारतीयांत टेनिसपटूंची संख्या लक्षणीय आहे. सोमदेव देववर्मन याने व्हर्जिनिया विद्यापीठाकडून २००७ व २००८ साली एनसीएएचे एकेरी विजेतेपद मिळवले. महाराष्ट्राची ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली. हांगझोऊ येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत तिने रोहन बोपण्णाच्या साथीने मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक पटकावले. कॅन्सस स्टेट विद्यापीठाचा उंच उडीपटू तेजस्विन शंकर २०१८ व २०२२ साली एनसीएए विजेता होता. परदेशी खेळाडूंना विद्यार्थी व्हिसाच्या अटींमुळे पूर्ण वेळ अभ्यासक्रम सांभाळावाच लागतो आणि नोकरी वा कमाईवर मर्यादा असल्याने जाहिरातींच्या नव्या उत्पन्नात त्यांना सहजी वाटा मिळत नाही.

भारतात आंतरविद्यापीठ स्पर्धा भारतीय विद्यापीठ संघटना भरवते, परंतु खेळाडू घडवण्याचे काम मुख्यतः क्रीडा संघटना, अकादमी व क्रीडा प्राधिकरणाकडे असते. महाविद्यालयाच्या लेखी खेळ हा स्वतःच अभ्यासेतर उपक्रम राहिला. खेळाडूला सवलतीचे गुण, क्रीडा कोट्यातून प्रवेश व हजेरीत सूट मिळत आली. महाराष्ट्रात राज्यातील विद्यापीठांचा 'अश्वमेध' क्रीडा महोत्सव आणि 'इंद्रधनुष्य' युवक महोत्सव वेगवेगळे भरतात. धावपटू एकात, नाट्यकलावंत दुसऱ्यात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यात लागू झालेल्या पदवी आराखड्यात क्रीडा, योग, सांस्कृतिक उपक्रम, राष्ट्रीय सेवा योजना व राष्ट्रीय छात्र सेना यांना सहअभ्यासक्रम म्हणून श्रेयांक दिले जातात, त्यामुळे मैदानावरील तास आता गुणपत्रिकेवरही दिसू लागले आहेत.